मास्तरांनी आखलेला पाय

मास्तरांचं दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली उरलेली तिरकी जागा. तिला कुणीतरी कधीकाळी शटर लावलं होतं आणि त्या शटरामागे एक शिलाई मशीन, एक कापायचं टेबल, एक इस्त्री आणि स्वतः मास्तर एवढेच मावत. गिऱ्हाईक बाहेर फुटपाथवर उभं राहूनच बोले. आत यायला कोणी निघालंच तर मास्तरांना उठावं लागे, आणि उठलं की डोकं जिन्याच्या पोटाला लागे. त्यामुळे गिऱ्हाइकाने बाहेरच थांबलेलं त्यांना बरं वाटे.

नवे कपडे शिवायला हल्ली त्यांच्याकडे कोणी येत नसे. लोक तयार कपडे घेत आणि ते अंगाला बसले नाहीत की मास्तरांकडे आणत. पँट आखूड करा, कंबर ढिली करा, कोटाचं अस्तर बदला, चेन नवी लावा. "पूर्वी कपडे शिवायचो, आता दुसऱ्यांनी शिवलेले निस्तरतो," असं ते शेजारच्या बूटवाल्याला सांगत. बूटवाला म्हणे, "निदान नवं तरी शिवलंस कधीकाळी. मी तर जन्मभर लोकांच्या टाचाच बघतोय."

मास्तरांचं वय पन्नाशीच्या पुढे गेलं होतं आणि पाठ साठीच्या. पाठीचं हे असं पुढे निघून जाणं शिवणकामामुळे आहे असं सगळे धरून चालत. मास्तरही कोणाची समजूत काढायला जात नसत. खरं कारण त्यांच्या घरात तिसऱ्या इयत्तेत शिकत होतं.

मुलगी उशिरा झाली होती आणि तीही वेळेच्या बरीच आधी. पाळण्यात ठेवलं की हात असे गरगर फिरवायची की आजीने तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली. मग बसायच्या वयात ती बसेना, उभं राहायच्या वयात पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकू लागले. डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी असं नाव सांगितलं. जन्माच्या धामधुमीत मेंदूच्या एका भागाला इजा झाली आहे. पाय धडधाकट आहेत, पण त्यांना वेळेवर हुकूम मिळत नाही, असं समजावलं. तेव्हा मास्तरांच्या बायकोला वाटलं, पोरीचं हे नाव तरी बदलावं. पण तोवर ते सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं, आणि पुढे बोलायला लागल्यावर भिंगरीने स्वतःच निकाल दिला, "मला आवडतं. राहू दे."

सपाट जागेवर ती चालायची. चार पायांचा वॉकर पुढे ढकलायचा, अंग थोडं उजवीकडे झुकवायचं आणि डावा पाय मागून ओढत आणायचा. त्या डाव्या पायाचं पाऊल लोंबतं राही, पंजा जमिनीला घासे. डाव्या बुटाचं टोक झिजून भोक पडायचं आणि मग बूटवाला त्यावर चामड्याचा तुकडा लावायचा. "काय गं, बुटाने जमीन नांगरतेस की काय?" असं तो विचारी. भिंगरी म्हणे, "तुमचा धंदा चालावा म्हणून करते काका."

अडचण होती ती शाळेच्या जिन्याची. तिसरीचा वर्ग वरच्या मजल्यावर होता. खाली बालवर्ग आणि कचेरी, त्यामुळे वर्ग हलवता येणार नाही असं मुख्याध्यापिकांनी अगदी गोड शब्दांत सांगितलं होतं. मास्तरांची बायको एका वृद्धाश्रमात चादरी धुवायच्या खात्यात होती, तिची पाळी उजाडण्याआधी सुरू होई. म्हणजे भिंगरीला उठवणं, आवरणं, शाळेत नेणं आणि जिना चढवणं हे सगळं मास्तरांकडे. ते खालच्या पायरीपाशी तिच्याकडे पाठ करून उकिडवे बसत. ती वॉकर भिंतीला लावी, त्यांच्या गळ्यात हात टाकी, आणि ते एक हात गुडघ्यावर रोवून उठत.

"कालच्यापेक्षा जड झालीस."

"रोज तेच म्हणता. रोज जड होत असते तर एव्हाना हत्तीण झाले असते."

"हत्तिणीला उचलायला हत्ती लागतो. तुझ्या नशिबी शिंपी आलाय."

दुपारी तेच उलट्या दिशेने. उतरणं चढण्यापेक्षा वाईट, कारण तेव्हा गुडघे थरथरत आणि तिच्या लक्षात येऊ नये म्हणून मास्तर काहीतरी गुणगुणत. ती वाढणार होती. चौथीचा वर्गही वरच, पाचवीचाही. रात्री पाठ टेकली की मास्तर पुढच्या इयत्ता मोजत आणि झोप येण्याआधीच थकत.

अशात व्यायाम केंद्रातल्या मॅडमनी त्या यंत्राबद्दल सांगितलं. भिंगरी लहान असल्यापासून या मॅडम तिचे पाय ताणून देत होत्या, त्यामुळे त्यांचा शब्द घरात शेवटचा असे. यंत्र म्हणजे मुठीत मावेल एवढी पेटी. ती गुडघ्याखाली पट्ट्याने बांधायची, तिच्यातून निघणाऱ्या दोन तारांच्या टोकांना चिकट चकत्या. एक चकती गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला हाडाचा जो गोटा लागतो त्याच्या किंचित खाली, दुसरी नडगीच्या पुढच्या मांसावर. बुटात टाचेखाली एक बटण. टाच उचलली की बटणाला कळतं, पेटी सौम्य करंट सोडते, पावलाचा पुढचा भाग उचलला जातो. टाच टेकली की करंट बंद.

"मेंदूचा हुकूम वेळेवर पोचत नाही ना, तर आपण वाटेतच हुकूम द्यायचा," मॅडम म्हणाल्या. "पण केंद्राकडे अशी यंत्रं थोडीच आहेत. तीन महिने घरी वापरायला देऊ. शेवटी चाचणी. पायाने साथ दिली तर यंत्र तिच्याकडे राहील. नाही दिली, तर पुढचं मूल वाट बघतंय. तुमची काय अपेक्षा आहे यातून?"

"तिने चालावं," बायको लगेच म्हणाली.

मास्तर म्हणाले, "तिला सोपं जावं." ते खोटं नव्हतं. पण त्यांच्या डोळ्यांपुढे त्या क्षणी मुलगी नव्हतीच. जिना होता, आणि त्यांची रिकामी पाठ होती. हे मनात आलं तेव्हा त्यांना आपली लाज वाटली आणि त्यांनी उगाचच खिशातली टेप काढून परत गुंडाळली.

पहिल्याच दिवशी पंजा उचलला गेला. केंद्राच्या व्हरांड्यात भिंगरीने वॉकर ढकलला, टाच उचलली, आणि ते लोंबतं पाऊल कुणीतरी हाक मारावी तसं वर झालं. तिची आई तोंडावर हात ठेवून उभी राहिली. भिंगरी खदखदा हसत सुटली. "बाबा, आतून कोणीतरी दोरी ओढतंय! मुंग्या येतात आणि दोरी ओढतात!"

मॅडमनी पेनाने दोन्ही चकत्यांभोवती गोल रेघ काढली. "नीट ऐका. सगळी गोम जागेत आहे. चकती जरा सरकली तर दुसराच स्नायू उचलला जाईल. आंघोळीने रेघ पुसट होईल, तेव्हा पुसट झाली की तिच्यावरूनच परत गिरवायची."

"ते काम यांच्याकडे द्या," बायको म्हणाली. "रेघा मारण्यातच जन्म गेलाय यांचा."

सगळे हसले. मास्तरही हसले. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी त्यांच्या हाताचं कौतुक केलं होतं.

आता मास्तरांचा हात कसा चालतो ते सांगायला हवं. दुमडलेल्या कापडावर खूण करताना शिंपी घडीच्या बाजूला रेघ मारत नाही, कारण घडी कुठे जात नाही. तो फक्त मोकळ्या बाजूला खूण करतो. आणि तीही मापावर कधी करत नाही, मापाच्या थोडी बाहेर करतो. शिवणीला जागा लागते, कातर चुकली तर सावरायला जागा लागते, उद्या माणूस जाड झाला तर उसवून वाढवायला जागा लागते. दुकानात याला सगळे मार्जिन म्हणत. मास्तर वयाच्या पंधराव्या वर्षापासून मार्जिन सोडत आले होते. श्वास घेताना माणूस जेवढा विचार करतो तेवढाच विचार ते त्यात करत.

रोज सकाळी भिंगरी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसे, मास्तर खाली जमिनीवर बसत. पायावर नडगीच्या हाडाची कड त्यांना कापडाच्या घडीसारखी लागे. त्या बाजूची रेघ एकदा पुसली गेली ती त्यांनी परत काढलीच नाही. बाहेरच्या बाजूची मात्र रोज काढत. जुन्या पुसट रेघेच्या केसभर बाहेर पेन टेकवत, हात न कापता अर्धगोल ओढत आणि चकतीची कड त्या रेघेला बरोबर भिडवून चिकटवत. रेघ इतकी सुबक येई की भिंगरी म्हणायची, "शाळेत दाखवू का? बाईंना सुद्धा असा गोल येत नाही." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, पुन्हा केसभर बाहेर.

आपण असं काही करतो आहोत हे मास्तरांना सांगितलं असतं तर त्यांनी हसून उडवून लावलं असतं.

सुरुवातीचे दिवस चांगले गेले. मग पाऊल पहिल्यासारखं वर येईना. ते वर येण्याऐवजी बाहेरच्या अंगाला फेकलं जाई आणि पंजा पुन्हा घासायला लागे. मास्तरांनी पेटीवरची कळ सांगितलेल्या मर्यादेत थोडी फिरवून करंट वाढवला. भिंगरी ओठ चावून म्हणाली, "आता काळ्या नाहीत, लाल मुंग्या आहेत."

मधल्या तपासणीला नेहमीच्या मॅडम रजेवर होत्या. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई होती, चेहऱ्यावर अजून परीक्षेची भीती असलेली. तिने पायावरच्या रेघा बघितल्या, "किती स्वच्छ ठेवल्यात खुणा, सगळे पालक असे असते तर," असं म्हणाली, त्याच जागी चकत्या लावून पेटी तपासली. पेटी उत्तम चालत होती. "सवय व्हायला वेळ लागतो काहींना," ती म्हणाली. "रोज जास्त चालवा."

मास्तरांनी रोज जास्त चालवलं. शाळेतून आणली की ते तिला दुकानासमोरच्या फुटपाथवर बूटवाल्याच्या खोक्यापर्यंत जायला सांगत आणि परत यायला. बुटाच्या टोकाला पुन्हा भोक पडलं. बूटवाल्याने चामडं लावताना भुवई वर केली, पण मास्तरांचा चेहरा बघून गंमत केली नाही.

चाचणी जवळ आली तसं मास्तरांचं डोकं तापू लागलं. एका दुपारी हातातली पँट तिसऱ्यांदा उसवावी लागली होती, बाहेर गिऱ्हाईक पाय आपटत होतं आणि भिंगरी अर्ध्या वाटेत वॉकरवर रेलून उभी होती.

"चल की! थांबलीस कशाला?"

"पाय ऐकत नाही."

"ऐकायला काय झालं? यंत्र चालू आहे, जागा बरोबर आहे. तूच मन लावत नाहीस."

"मन पायात नसतं बाबा."

"जीभ चालते तशी चाल जरा! यंत्र परत नेलं तर? मी जन्मभर तुला पाठीवर वाहायचं का?"

बोलून झाल्यावर मास्तरांना ते वाक्य कानाने ऐकू आलं. गिऱ्हाईक दुसरीकडे बघू लागलं. भिंगरीने वॉकर वळवला आणि ती खोक्यापर्यंत जाऊन आली, पंजा फरफटवत.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या जिन्यावर ती त्यांच्या पाठीवर अगदी गप्प होती. वळणाशी आल्यावर मास्तरांच्या लक्षात आलं की मानेवर तिचा श्वास लागत नाही.

"काय गं? काय झालं?"

"काही नाही." तिने श्वास सोडला. "हलकी होत होते."

मास्तर तिला बाकावर बसवून खाली उतरले, दुकानात आले आणि दुपारपर्यंत त्यांनी मशीनला हात लावला नाही. बूटवाल्याने चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला.

चाचणीला दोघंही गेले. बायकोने पाळी बदलून घेतली होती. तिच्या हातांना अजून साबणाच्या पावडरीचा वास येत होता. रजेवरच्या मॅडम परत आल्या होत्या. केंद्राचे मोठे डॉक्टर खुर्चीवर बसले होते आणि ती तरुण डॉक्टरीणबाई त्यांच्या मागे उभी होती.

पहिल्यांदा भिंगरीला घरून जसं लावून आणलं होतं तसंच चालायला सांगितलं. ती व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. पाऊल दर वेळी बाहेर फेकलं गेलं. मोठ्या डॉक्टरांनी मान हलवली. ती मान कुठल्या बाजूला हलली ते मास्तरांना पुरतं कळलं. बायकोने त्यांचं मनगट धरलं.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "आता पाय पुसून पहिल्यापासून लावू. चाचणीत दोन्ही बघायचं असतं."

त्यांनी भिंगरीला तपासणीच्या पलंगावर बसवलं आणि स्पिरिटचा बोळा घेतला. इतक्या दिवसांच्या गिरवलेल्या रेघा सहज निघेनात. मग त्यांनी गुडघ्याखालचा हाडाचा गोटा बोटाने चाचपला, चकती लावली, दुसरी लावली, कळ अगदी खाली आणून पेटी सुरू केली. पंजा टपकन वर आला.

"आई गं!" भिंगरी ओरडली. "काळ्या मुंग्या!"

ती पुन्हा व्हरांड्यात गेली. तीन महिन्यांचा ढिलेपणा पायात होता, चाल काही सुरेख नव्हती. पण पाऊल दर वेळी उठत होतं आणि टाच आधी टेकत होती. मोठे डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले.

भिंगरी परत पलंगावर बसली तेव्हा मॅडम मात्र खाली बसून पायावर उरलेल्या पुसट शाईकडे बघत होत्या. त्यांनी जुनी खूण आणि नवी चकती यांच्यामध्ये आपलं बोट आडवं धरलं. बोट आरामात मावलं, वर जागा उरली. "हे इतकं बाहेर कसं गेलं?" त्यांनी मागे वळून बघितलं. "मधल्या तपासणीत जागा चाचपून बघितली नव्हती?"

तरुण डॉक्टरीणबाईचा चेहरा उतरला. "खुणा इतक्या व्यवस्थित होत्या मॅडम... मला वाटलं, तुम्हीच..."

"खुणा मी काढतो," मास्तर म्हणाले. "तिचं काही चुकलं नाही. पण मी तर रोज तुमच्याच रेघेवरून गिरवतो."

"कशी गिरवता? दाखवा बरं."

मॅडमनी चकतीभोवती नवी रेघ काढून पेन त्यांच्या हातात दिलं. मास्तर सवयीने जमिनीवर बसले. भिंगरीच्या नडगीवर अंगठा टेकवला, पेन उघडलं आणि शांतपणे एक अर्धगोल ओढला. रेघ नेहमीसारखी सुबक आली. ती मॅडमच्या रेघेला लागून, तिच्या केसभर बाहेर होती.

मास्तर त्या दोन रेघांकडे बघत राहिले. आपला हात असा कधी वेगळा ठेवून त्यांनी पाहिलाच नव्हता.

"बाहेर का काढलीत?" मॅडमनी विचारलं.

"मार्जिन," मास्तर म्हणाले.

"काय?"

"अहो," बायको कपाळाला हात लावून म्हणाली, "पोरीच्या पायाला मार्जिन सोडलंत?"

भिंगरीने एकदा आईकडे बघितलं, एकदा पायाकडे, आणि ती पलंगावर आडवी होऊन हसायला लागली. "म्हणजे मी जाड झाले तर उसवून मोठं करता येईल!"

मग मोठे डॉक्टरसुद्धा हसले. तरुण डॉक्टरीणबाई सुटल्यासारखी हसली. मास्तर खालीच बसून होते, पेनाचं टोपण दोनदा चुकीच्या टोकाला लावून झालं होतं. त्यांना फुटपाथ दिसत होता आणि वॉकरवर रेललेली पोर.

निकाल लगेच मिळाला. पाय साथ देतो आहे, तेव्हा यंत्र राहील, पुढच्या तीन महिन्यांनी पुन्हा बघू. बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला. मास्तरांनी जे विचारायचं ते शेवटी विचारलं.

"मॅडम, म्हणजे आता शाळेचा जिना..."

"नाही हं. जिन्यावर यंत्र बंद ठेवायचं," मॅडम म्हणाल्या. "पायरी चढताना टाच उठते ती वेगळी, यंत्र नको तेव्हा पाय उचलेल आणि ती पडेल. हे सपाट जागेसाठी. जिन्याला मांडीत आणि कमरेत ताकद यायला हवी, त्याचे व्यायाम मी वाढवून देते. चालताना दमणूक कमी झाली की तिकडे जोर उरेल. पण वेळ लागेल मास्तर. वर्ष धरा. कदाचित जास्त."

"बरं," मास्तर म्हणाले.

बाहेर बाकावर तिघं बसले. भिंगरी मधे बसून आपला पाय वर-खाली करून बघत होती.

"गप्प का?" बायकोने विचारलं. "राहिलं ना यंत्र?"

"दमलोय."

"मी काय ताजी आहे?" ती म्हणाली, आणि तिनेही भिंतीला डोकं टेकलं. "माझ्या सुट्टीच्या सकाळी मी बघतच होते ना, तुम्ही गिरवताना. मलाही नाही दिसलं. कपडे शिवताना बघत आले, तसंच बघितलं मी."

मास्तरांनी मुलीकडे वळून पाहिलं. माफी वगैरे शब्द त्यांच्या घरात कोणी वापरत नसत. "हे बघ," ते म्हणाले, "पाठीवर श्वास रोखायचा नाही यापुढे. त्याने वजन कमी होत नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"मापं घेण्यात आयुष्य गेलं माझं."

"तुमची मापं नकोत आता," भिंगरी म्हणाली. "खूण मी काढणार. मॅडमनी मला हाड दाखवलंय. बोटाने दाबायचं आणि पाऊल उडतं का बघायचं. रेघ लागतच नाही."

"शहाणी आहेस."

"आणि त्या दिवशी मन लावत होते मी. खूप लावत होते."

"माहीत आहे," मास्तर म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "आता माहीत आहे."

सोमवारी शाळेत व्हरांडा ती यंत्रावर चालत गेली, पूर्वीपेक्षा बऱ्यापैकी भरभर. जिन्यापाशी तिने वाकून पेटी बंद केली. मास्तर तोवर नेहमीच्या पायरीशी पाठ करून बसले होते.

"उठा," ती म्हणाली.

"का?"

"मॅडम म्हणाल्या ना ताकद यायला हवी. पाठीवर बसून कशी येणार? मी कठडा धरून चढते. तुम्ही मागे राहा."

"घंटा होईल."

"होऊ दे."

तिने दोन्ही हातांनी कठडा धरला, उजवा पाय पायरीवर ठेवला आणि डावा ओढून वर घेतला. मग थांबली. मग पुढची पायरी. मास्तर एक पायरी खाली, कमरेत वाकून, दोन्ही हात पुढे धरून, तिला न शिवता. पोरं बाजूने धडधडत वर गेली. एक जण म्हणाला, "भिंगरी, ट्रॅफिक जाम!" ती म्हणाली, "हॉर्न वाजव मग." मास्तरांना घाम फुटला. हे असं ओणवं राहणं तिला उचलण्यापेक्षा कितीतरी वाईट होतं. उचललं की निदान कुठेतरी पोचत होतो, आणि ओझं पाठीवर नीट बसलेलं असायचं. आता ओझं नव्हतं आणि पाठ मात्र जळत होती. घंटा वाजली. वर वर्गांची दारं लागली. ते दोघं अजून वळणावर पोचले नव्हते.

वळणाच्या सपाट जागेवर ती खाली बसली. केस कपाळाला चिकटले होते, डावा पाय थरथरत होता.

"उचलू?" मास्तरांनी विचारलं. तिने हो म्हणावं असं त्यांना इतकं वाटत होतं की आवाज नीट निघाला नाही.

भिंगरीने वरच्या पायऱ्यांकडे बघितलं, मग बापाच्या चेहऱ्याकडे.

"उरलेलं तुम्ही करा," ती म्हणाली. "आजच्या दिवस."

मास्तर वळून बसले. ती पाठीवर आली तेव्हा जोरजोरात धापा टाकत होती, सगळा गरम श्वास त्यांच्या मानेवर.

दुकान उघडायला बराच उशीर झाला. शटरपाशी एक गृहस्थ घड्याळाकडे बघत उभे होते, हातात कोटाची पिशवी. "काय मास्तर, ही काय वेळ झाली? मी कधीचा थांबलोय."

"उद्यापासून याच वेळेला उघडेल," मास्तर कुलपाशी वाकत म्हणाले. वाकल्यावर लगेच सरळ होता येईना, म्हणून त्यांनी एक हात शटरवर टेकला.

"कुठवर चालणार हे?"

"वर्षभर," मास्तर म्हणाले. "कदाचित जास्त. कोट इथे ठेवा, बाह्या बघतो."